आवाज ओळखीचाच होता

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात. खरंच नाही. गिऱ्हाईक फोटो फ्रेम करायला आलं आणि "मावशी, जरा स्वस्तातली काच लावा" म्हणालं, की मी म्हणते, "फोटोतल्या माणसाला विचारून या, चालेल का त्याला." दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आतल्या बाजूला काच कापता कापता हसायचा. "ठिणगे, गिऱ्हाईक जाळू नकोस," म्हणायचा. लहानपणापासून मी त्याची ठिणगीच.

दुकान त्याचं. काचा आणि आरसे तो कापायचा, फ्रेमा मी करायचे. वहिनी गेली तेव्हा त्यांची पोर बालवाडीत होती. तेव्हापासून मी दादाच्याच घरी राहिले. पोरीच्या वेण्या घातल्या, अभ्यास घेतला, वेळप्रसंगी धपाटेही घातले. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं आणि कॉलेजात गेली तरी घरात ते सुटलं नाही.

कॉलेज लांब होतं, बसनं अर्धा दिवस लागायचा. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी तिच्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या काकाचा फोन आला. काका रडत होता, अडकलोय म्हणाला, लगेच पैसे पाठव म्हणाला. मुलानं फीचे ठेवलेले सगळे पैसे पाठवून दिले. काका बिचारा त्या वेळी आपल्या घरी पेपर वाचत बसला होता. चोरांनी कुठून तरी त्याचा आवाज उचलून कॉम्प्युटरवर तसाच्या तसा बनवला होता. मुलानं लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. फी भरली नाही म्हणून नाव कटलं, तेव्हा बॅग उचलून गुपचूप घरी निघून गेला. भिंगरीच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा तो.

पोरीनं ते फार मनाला लावून घेतलं. "आत्या, तो मूर्ख नव्हता गं. त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं एवढंच." मग तिनं चार पोरं गोळा केली आणि कॉलेजाकॉलेजांतून फिरायला लागली. नोकरीच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणारे कसे ओळखायचे, चोरीचे पैसे फिरवायला आपलं खातं भाड्यानं मागणाऱ्याला का हाकलायचं, अनोळखी लिंक का उघडायची नाही, हे सगळं ती सभागृहात उभी राहून सांगायची. मला ते एकदा फोनवर दाखवलं होतं तिनं. हातात माइक घेऊन विचारत होती, "घाई करतो तो?" आणि सगळी पोरं ओरडत होती, "चोर!" "घाबरवतो तो?" "चोर!" "फोन ठेवू नका म्हणतो तो?" "अट्टल चोर!" मी दादाला म्हटलं, "ही काय शिकवतेय का तमाशा करतेय?" पण मनातून ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू.

सुट्टीत घरी आली की आमची शाळा सुरू. त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी कुणीतरी "वीज तोडतो" म्हणून धमकावून दादाकडून पैसे उकळले होते. तेव्हा भिंगरीनं बँकेचं सगळं काम स्वतःच्या फोनवर घेतलं. "बाबा, तुम्ही काच कापा. पैशाचं मी बघते." मग स्वयंपाकघरात उभी राहून घोगऱ्या आवाजात बाहेरच्या खोलीत बसलेल्या बापाला फोन लावायची. "मी बँकेतून साहेब बोलतोय." दादा भोळा. पहिल्या वेळी "बोला साहेब" म्हणाला आणि आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. दोन-चार वेळा असं झाल्यावर मात्र त्याचा हात बसला. "साहेब, आधी तुमच्या आईचं नाव सांगा," असं काहीतरी उलटं विचारून तो फोन आपटायचा आणि शाबासकीसाठी स्वयंपाकघराकडे बघायचा.

त्याच सुट्टीत त्या बापलेकीनं एक शब्द ठरवला. कुणीही, अगदी ओळखीच्या आवाजातसुद्धा, पैसे मागितले तर आधी तो शब्द विचारायचा. मी विचारलं, "मला नाही का सांगणार?" भिंगरी म्हणाली, "आत्या, तुझा आवाज एवढा मोठा की तू मनात घोकलास तरी समोरच्या रंगाच्या दुकानात ऐकू जाईल." मी दिवसभर फुगून बसले. शेवटी तिनं माझी समजूत काढली, "तुला कशाला शब्द? तू माझ्याकडे पैसे मागितलेत कधी?" तेही खरंच होतं. त्याऐवजी तिनं माझ्याकडून स्वतःचा नंबर पाठ करून घेतला. "फोन हरवला तरी एक नंबर डोक्यात हवा," म्हणाली. माझा फोन कायम हरवलेलाच असायचा. कधी पिठाच्या डब्यावर, कधी उशीखाली. दादाचा तर दुकानाच्या ड्रॉवरमध्ये. काच कापायचा हिरा फिरवताना हात हलला की अख्खी काच गेली, म्हणून कामात असताना तो फोनकडे ढुंकून बघायचा नाही. "तुम्हा दोघांना फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं," असं भिंगरी नेहमी म्हणायची.

त्या दिवशी कपड्यांच्या एका दुकानासाठी माणसापेक्षा उंच आरसा जायचा होता. टेम्पोवाला आणि दादा तो चढवत होते. टेम्पोवाल्याचा हात सुटला, आरसा खालच्या बाजूनं फुटला आणि त्याचा एक तुकडा दादाच्या मांडीत घुसला. आयुष्यभर काच हाताळली त्यानं, बोटांवर चरे सोडले तर कधी काही झालं नव्हतं. मी फ्रेम पुसायचं फडकं घेऊन धावले आणि जखमेवर दाबून धरलं. ते बघता बघता भिजलं. टेम्पोवाल्यानं तशाच टेम्पोत घालून आम्हाला हॉस्पिटलात आणलं, आत सोडलं आणि तो जो पळाला तो पळालाच. दुकान उघडंच. दादाचा फोन ड्रॉवरमध्ये, माझा घरी. पर्सही घेतली नव्हती. पायात एकच चप्पल होती, हे मला संध्याकाळी कळलं.

काउंटरवरची बाई म्हणाली, रक्त लागेल, ऑपरेशन लागेल, पैसे भरा. मी म्हटलं, भरते. पण कुठून भरते? पैसे सगळे भिंगरीच्या फोनवर. दादाला स्ट्रेचरवरून आत नेणारा माणूस माझ्याकडे बघत उभा होता. त्याला दया आली. "मावशी, माझ्या फोनवरून लावा. पैसे माझ्या नंबरवर मागवा, मी इथं भरतो." पाठ केलेला एकच नंबर होता, तो मी घडाघडा सांगितला.

तिनं फोन उचलला. मी म्हटलं, "भिंगरे, आत्या बोलतेय. दादाला लागलंय गं, फार लागलंय. पैसे पाठव, आत्ताच्या आत्ता. आणि तूही निघ."

"कोण बोलतंय?"

"कोण काय कोण! आत्या!"

"हा नंबर कुणाचा आहे?"

"इथल्या स्ट्रेचरवाल्याचा. याच नंबरवर पैसे पाठव, तो भरेल."

मग काहीतरी खरखरलं आणि माझाच आवाज मला मोठ्यानं परत ऐकू यायला लागला. तिनं फोन माइकला लावला होता. ती सभागृहात होती, समोर पोरं बसली होती. "ऐकताय ना?" ती म्हणाली, मला नाही, त्यांना. "आत्ता आपण जे बोलत होतो ना, ते समोरच आलंय बघा. अनोळखी नंबर, पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यात, आणि आत्ताच्या आत्ता."

मला काही कळेना. मी ओरडले, "अगं नाटकं काय करतेस! तुझा बाप मरायला टेकलाय इथे!"

"घाबरवतो तो?" भिंगरीनं विचारलं.

"चोर!" सगळी पोरं ओरडली.

"फोन ठेवू नकोस, तुझ्या पाया पडते, फोन ठेवू नकोस."

तिला विचारावंही लागलं नाही. पोरं आपणहून ओरडली, "अट्टल चोर!" आणि काय हसली मेली. त्यांचा तरी काय दोष म्हणा. मी त्या वयात त्या जागी असते तर सगळ्यात मोठ्यानं मीच हसले असते.

मग एकदम भिंगरीचा आवाज बारीक झाला. "शब्द सांगा," ती म्हणाली. "मी आणि बाबांनी ठरवलेला शब्द."

हे खरंच असेल की काय अशी तिला शंका आली होती, हे मला तेव्हाच कळलं. पोर घाबरली होती. मी शब्द सांगितला असता तर ती तिथून तशीच उठून निघाली असती. पण मला कुठला माहीत त्यांचा शब्द! आजही माहीत नाही. तिनं सांगितला नाही, मी विचारला नाही. मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचार! आत नेलंय त्याला!"

"एक मिनिट," असं म्हणून तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून दादाला फोन लावला, मग मला लावला. जे शिकवत होती तेच करत होती. संशय आला तर ओळखीच्या नंबरवर उलटा फोन करा. दोन्ही फोन कुणी उचलले नाहीत. आणि त्यानंच तिचा जीव भांड्यात पडला. "बाबा उचलत नाहीत म्हणजे काच कापतायत," ती पोरांना म्हणाली. "आणि आमची आत्या तर जन्मात कधी उचलत नाही." पुन्हा हशा. "पण आवाज काय हुबेहूब काढलाय ना? अगदी आत्याच. आता बघा, फोन कापायचा आणि नंबर ब्लॉक करायचा." शेवटचं जे मला ऐकू आलं ते टाळ्या.

मी पुन्हा लावला, लागला नाही. स्ट्रेचरवाला म्हणाला, "पोरगी हुशार आहे हो तुमची." मला त्या क्षणी त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण फोन त्याचा होता.

पैशावाचून काही अडलं नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर उगाच पोरीवर आळ येईल. डॉक्टरांनी काउंटरवरच्या बाईला सांगितलं, पैशाचं नंतर बघू, आणि दादाला आत घेतलं. जे करायचं ते सगळं केलं त्यांनी. अडलं ते दुसरंच. दुपारची बस होती. ती पकडली असती तर पोर अंधार पडायच्या आत पोचली असती.

समोरच्या रंगाच्या दुकानवाल्याला रस्त्यावरचं रक्त दिसलं. त्यानं आमचं दुकान बंद केलं, चौकशी करत करत तो हॉस्पिटलात आला. त्याच्याकडे भिंगरीचा नंबर होता आणि तिच्याकडे त्याचा. त्यानं फोन केला तेव्हा तिनं पहिल्या रिंगला उचलला. तो म्हणाला, "बाळा, बाबांना लागलंय. तुझ्या आत्यानं मघाशी फोन केला होता ना?" पलीकडून जो आवाज आला तो मला चार हातांवर ऐकू आला. रंगवाल्यानं फोन कानापासून लांब धरला. तोपर्यंत दुपारची बस गेली होती. पुढची बस थेट सकाळी पोचणार होती.

मग रंगवाला आणखी रक्त आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याचा फोन त्याच्याबरोबर गेला.

संध्याकाळी दादानं डोळे उघडले. मला आत बोलावलं. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क त्यानं जरा बाजूला केला. रंग पार उतरला होता, पण डोळे स्वच्छ होते. मला म्हणाला, "ठिणगे, आरसा गेला का गं?"

"जळो तुझा आरसा," मी म्हटलं.

"पोर निघाली?"

"निघाली."

"कधी?"

"दुपारीच. येईलच इतक्यात."

काय करणार होते मी? तुझ्या पोरीनं मला चोर ठरवलं, भर सभेत टाळ्या घेतल्या, हे सांगू? तो दाराकडे बघायला लागला. दार उघडलं की मान उचलायचा प्रयत्न करायचा. नर्स यायची, दुसऱ्या पेशंटचं माणूस यायचं. मला ते बघवेना. मी बाहेर जाऊन स्ट्रेचरवाल्याला शोधला, त्याचे हात धरले. आत फोन न्यायला बंदी होती. त्यानं खिशात लपवून आणला. नंबर लावून मी फोन दादाच्या कानाशी धरला. वाटलं, आता तरी लागेल. भिंगरीनं नंबर मोकळा केला असेल.

तिला कुठलं सुचायला! सकाळचा नंबर तसाच बंद होता.

"लागत नाही गं," दादा म्हणाला.

"बसमध्ये आहे ना. रेंज नसेल."

"झोपली असेल. दमते फार. सभा घेत फिरते." एवढं म्हणतानासुद्धा त्याला कौतुक होतं. फोन मी काढून घ्यायला गेले तर त्यानं सोडला नाही. न लागलेला फोन कानाशी धरून तसाच पडून राहिला. स्ट्रेचरवाला दाराशी पहारा देत उभा होता. दिवे लागले तेव्हा दादाचा हात सैल झाला आणि फोन उशीवर घसरला. मी डॉक्टरांना हाक मारली. धावपळ झाली, मला बाहेर काढलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

माझा दादा गेला. भांडायला, चिडवायला, ठिणगी म्हणायला जगात एकच माणूस होता, तो गेला.

त्यानंतर मी नुसती बाकावर बसून होते आणि शिव्या जमवत होते. पोर येऊ दे, एकही वाया घालवणार नाही असं ठरवलं होतं. तुझी सभा, तुझा माइक, तुझा तो मेला शब्द. बाप दाराकडे बघत गेला, कळलं का? असं तोंडावर सांगणार होते. मला राग आला की मी कुणाची नसते.

सकाळी ती आली. पाठीला सॅक, डोळे सुजलेले. रंगवाल्यानं तिला दारातच सांगितलं असावं, कारण तिनं मला काही विचारलं नाही. जवळ आली आणि माझ्या पायाशी फरशीवर बसली. माझ्या पायात एकच चप्पल आहे हे बघून तिनं दुसरं पाऊल स्वतःच्या हातात घेतलं.

"आत्या, आवाज तुझाच होता."

"हो."

"मी ओळखला होता गं. तू 'भिंगरे' म्हणालीस तेव्हाच ओळखला. पण आवाजावर विश्वास ठेवू नका असं मीच सगळ्यांना सांगते ना." तिनं बाहीनं नाक पुसलं. "त्या मुलानं ठेवला विश्वास आणि तो बुडाला. मी नाही ठेवला. मग माझं काय चुकलं, सांग ना."

काय चुकलं होतं तिचं? मी बाकावर बसून तेच तर शोधत होते. अक्षरन् अक्षर तिनं बरोबर केलं होतं. जमवलेल्या शिव्यांपैकी एकही मला तिला लागू करता येईना.

मग तिनं सॅकमधून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. ब्लॉक केलेल्या नंबरवरून आलेले फोनसुद्धा त्यात एका बाजूला दिसतात म्हणे, मला काय माहीत. "हे बसमध्ये दिसलं मला, पहाटे. त्याच नंबरवरून संध्याकाळी पुन्हा फोन आला होता." ती माझ्या डोळ्यांत बघत होती. खोटं कसं ओळखायचं हे शेकडो पोरांना शिकवणारी ती मुलगी. "आत्या, कुणी केला होता? बाबा शुद्धीवर आले होते का? त्यांना बोलायचं होतं का माझ्याशी?"

स्ट्रेचरवाला जिन्याजवळ उभा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. त्यानं मान खाली घातली.

आदल्या संध्याकाळी दादाशी बोलले तेवढं सोडलं तर मी आयुष्यात गिऱ्हाइकाशी, देवाशीसुद्धा खोटं बोलले नाही. तोंडावर बोलून मोकळी झाले. पण त्या वेळी माझा आवाज जराही हलला नाही.

"त्याला कुठली शुद्ध! आत नेला तो तसाच गेला, काही कळलं नाही त्याला. तो फोन मीच केला होता."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला शिव्या घालायला! तुझ्या त्या पोरांसमोर माझी अब्रू काढलीस, मी काय गप्प बसणार होते? चांगल्या ठेवणीतल्या काढल्या होत्या. लागला नाही म्हणून वाचलीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिनं माझ्या मांडीवर डोकं टाकलं.

"घाल ना मग," ती म्हणाली. "आता घाल, आत्या. सगळ्या घाल."

आणि मी घातल्या. दोन्ही हातांनी तिचं डोकं पोटाशी धरून, माझ्या त्या मोठ्या आवाजात, आठवतील तेवढ्या सगळ्या घातल्या. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. बाप गेलेल्या पोरीला कुणी असं बोलतं का, असं एक बाई दुसरीला म्हणालीसुद्धा.